आवडलं आणि उमजलं : आपल्या ऐकण्याविषयी थोडंसं

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘संगीतातली आवड’ असा जाहीर झालाय. आवडीवर तासभर काय बोलणार, असं काहींना वाटेल. ‘आवड ज्याची त्याची’ असं म्हटलं की विषय संपतो. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. संपायला नको तिथे तो संपतो. चांगला वाद रंगात आलेला असतो, कोणी म्हणत असतं की अमुक गायक मला कंटाळवाणा वाटतो, दुसरा म्हणत असतो की त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि मग तिसरा समजूतदार माणूस येऊन म्हणतो, ‘जाऊ द्या हो, आवड ज्याची त्याची.’ झालं. चहा येतो. पण त्या दोघांनी एकाच गाण्यात काय वेगवेगळं ऐकलं, हे शेवटपर्यंत कळत नाही.

सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे कोणाला राग यायला नको. मला भीमसेन जोशींपेक्षा मल्लिकार्जुन मन्सूर अधिक आवडतात. पुण्यात उभं राहून हे बोलायला थोडं धाडस लागतं. (हशा) पण हे नुसतं सांगून मी तुम्हाला काहीच दिलेलं नाही. माझ्या आवडीची एक बातमी दिली, इतकंच. आता कारण सांगायचा प्रयत्न करतो.

मन्सूर गायला बसले की रागाच्या दारात फार वेळ थांबत नाहीत. बंदिशीचा मुखडा येतो आणि दोन-तीन आवर्तनांत तुम्ही रागाच्या माजघरात असता. आलाप आणि तान असे वेगळे कप्पे तिथे फारसे जाणवत नाहीत. एक वाक्य सुरू होतं, ते वळत वळत जातं, कुठे संपेल याचा अंदाज येत नाही, आणि ते समेवर असं येऊन टेकतं की जणू दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं. ही जयपूर घराण्याची चाल. त्यात खट, बिहारी, लाचारी तोडी असे अनवट राग. ऐकणाऱ्याला सतत जागं राहावं लागतं. मला ते जागं राहणं आवडतं.

भीमसेनजींचं उलटं आहे. किराण्याची बढत. एकेक स्वर घ्यायचा, त्याला पुरेसा वेळ द्यायचा, त्याच्याभोवती फिरायचं, पुढच्या स्वराची नुसती चाहूल द्यायची आणि परत मागे यायचं. तार षड्ज लागतो तेव्हा अख्खा मांडव त्याची वाट बघत असतो. त्यांनी रागही तसे मोजकेच निवडले, आणि तेच वर्षानुवर्षं गायले. पूरिया, मुलतानी, मारुबिहाग, तोडी. १९५३ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुढे तो हजारोंचा झाला. त्या हजारोंना एकाच वेळी एका स्वरावर आणून उभं करणं, ही त्या गायकीची ताकद. मन्सूरांचं गाणं जवळ बसून ऐकायचं गाणं आहे. हे लांबवर बसलेल्या माणसापर्यंतही पोचतं.

आता बघा, हे एवढं बोलल्यावर माझी आवड बदलली का? नाही. पण आता आपण वाद घालू शकतो. तुम्ही म्हणू शकता, ‘अहो, ज्याला तुम्ही जागं राहणं म्हणता, त्यालाच मी दमणूक म्हणतो. एका स्वरात विरघळून जाणं हेही ऐकणंच आहे की.’ हे उत्तर मला मान्य करावं लागेल, किंवा त्याला प्रत्युत्तर तरी द्यावं लागेल. ‘आवड ज्याची त्याची’ म्हटलं असतं तर ही संधी दोघांनाही मिळाली नसती.

आवडीचं कारण सांगायला लागलं की ती कुठवर जाऊ शकते, याचं आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे. वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’. वामनराव पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी घराण्यांचा ताळेबंदच मांडला म्हणा ना. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. स्वराच्या टोकाशी किराणा, लयीच्या टोकाशी आग्रा, बाकीची घराणी मधे कुठे कुठे. आणि स्वर-लयीचा तोल कोणाला साधला? तर जयपूरला. आता वामनरावांनी स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूरची तालीम घेतलेली. त्यामुळे चेष्टेनं म्हणता येईल की हिशेबनिसानं शिल्लक आपल्याच खात्यात दाखवली. (हशा)

पण मला त्या पुस्तकाचं मोल नेमकं इथे वाटतं. आवड त्यात आहे, ती लपलेली नाही, आणि तरीही प्रत्येक विधानाला पुरावा आहे. स्वर कसा लावला, लयीशी नातं कसं ठेवलं, बंदिशीचं काय केलं, हे सगळं ते सांगतात. म्हणून ते खोडूनही काढता येतं. किराण्याचा माणूस म्हणू शकतो, ‘तोल हीच कसोटी कशावरून? एका टोकाला जाऊन तिथलं सगळं खणून काढणं हीसुद्धा मोठी कला असू शकते.’ मला स्वतःला हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण तो घेता आला, कारण समोर काहीतरी मांडलेलं होतं.

आता दुसरी बाजू. आवडीचं कारण न सांगता ती लोकांवर लादली तर काय होतं? याचंही उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे मोठे रसिक. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षं ते केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. बिनाका गीतमाला सुरू झाली ती १९५२ सालीच. सरकारनं ऐकायला दिलं एक, जनतेनं ऐकलं दुसरंच. शेवटी १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांची थट्टा करणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. संस्थानं विलीन झाली होती, कलावंतांचा दरबारी आश्रय गेला होता. त्या वेळी आकाशवाणीनं कितीतरी गवई-वादकांना आधार दिला. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. ज्यांना कधी मैफलीत शिरता आलं नसतं, अशा लोकांच्या घरात त्यामुळे ख्याल पोचला. म्हणजे आवड वाईट नव्हती. पण ‘हे चांगलं आहे, म्हणून ऐका’ आणि ‘ते हलकं आहे, म्हणून ऐकू नका’ यांच्या मधलं ‘का’ गायब होतं.

आणि हे एकट्या केसकरांचंही नाही. हार्मोनियमचं बघा. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली, ती उठायला १९७१ उजाडलं. कारण काय, तर पेटीचे स्वर ठोकळ्यासारखे पक्के, त्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच तीस वर्षांत महाराष्ट्रातली बहुतेक मैफल पेटीच्या साथीनं चालली होती. गोविंदराव टेंब्यांनी जी परंपरा उभी केली, तिथे पेटी गायकाच्या मागे सावलीसारखी जात होती. वाद्यात मींड नाही, तर वाजवणारा तिचा भास कसा उभा करतो, हे ऐकायला हवं होतं. नियम करणाऱ्यांनी वाद्य तपासलं, वादन ऐकलं नाही. आजही ‘कॉम्प्युटरवरचं संगीत म्हणजे संगीतच नाही’ असं जे सर्रास बोललं जातं, ते याच जातीचं विधान आहे.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या शब्दाकडे येतो. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या गाण्यावर एक कार्यक्रम केला होता. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नाव पुन्हा ऐका. ‘मला आवडलेले’ नाही. ‘महान’ नाही, ‘अविस्मरणीय’ नाही. उमजलेले. त्यात ‘मला’ आहे, म्हणजे व्यक्तिगतपणा सोडलेला नाही. पण क्रियापद बदललंय. आवडणं आपोआप घडतं. उमजण्यासाठी काहीतरी करावं लागतं.

आणि हे कोणी करावं? तर लहानपणी ज्याची ख्याती मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाण्याची होती, त्यानं. म्हणजे नक्कल करायची असती तर कुमारांना अवघड नव्हतं. पण त्या कार्यक्रमात बालगंधर्वांचा आवाज काढलेला नाही. शब्दाला वजन कुठे दिलं, लयीशी लाडीगोडी कशी चालते, एखादी जागा तिथेच का येते, हे कुमार आपल्या गळ्यातून दाखवतात. ज्यांना बालगंधर्वांची आठवण पुन्हा जशीच्या तशी हवी होती, त्यांना ते अपुरं वाटणार हे उघड आहे. मला मात्र तो मराठीतला संगीतसमीक्षेचा फार मोठा नमुना वाटतो. फक्त तो लिहिलेला नाही, गायलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुन्यांचं झालं. आजच्या गाण्याचं काय? तर तीच कसोटी तिथे लावून बघू. ‘सैराट’ घेऊ, २०१६ सालचा. नागराज मंजुळे दिग्दर्शक, संगीत अजय-अतुल. शास्त्रीय ऐकणाऱ्या मंडळींत त्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘गोंगाट’. दुसरं म्हणजे ‘आमची मुलं ऐकतात बुवा’. हे दुसरं तर मतच नाही.

काय ऐकू येतं ते बघा. करमाळ्याच्या बाजूची बोली, शेत, विहीर, पारधी समाजातला मासेमाराचा मुलगा आणि पाटलाची मुलगी. आणि त्यांच्या प्रेमामागे भला मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद. तो लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला. हा थाट आपल्या सिनेमानं आजवर कोणाच्या प्रेमाला दिला? श्रीमंतांच्या, परदेशी सहलीला जाणाऱ्यांच्या. इथे तो परश्याला मिळतो. ते व्हायोलिनांचं भरून येणं ही सजावट नाही, ते एक विधान आहे. या मुलाचं स्वप्नही तेवढंच मोठं असू शकतं, असं.

आणि पुढे लक्ष द्या. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघं पळून शहरात जातात, आणि गाणं थांबतं. झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडणं. तिथे सिनेमा गात नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. त्या लहान मुलाची पावलं दिसतात आणि काहीही ऐकू येत नाही. पूर्वार्धात एवढा वाद्यवृंद कानावर घातला नसता, तर ती शांतता इतकी अंगावर आली असती का? ज्यांनी नुसता ‘गोंगाट’ ऐकला, त्यांनी ही शांतता ऐकलीच नाही.

याचा अर्थ सगळं निर्दोष आहे असं नाही. माझा आक्षेप आहे, आणि तो सांगतो. या वाद्यवृंदाला दम धरवत नाही. गाणं मनात उतरायच्या आधीच व्हायोलिनं सांगून टाकतात की आता भारावून जा. चढ येतो, मग आणखी मोठा चढ येतो. एकदा परिणाम होतो, तिसऱ्यांदा तो ठरावीक होतो. इथे मला भीमसेनजी आठवतात. चढावं कसं, हे तेही दाखवतात. पण त्याआधी ते अर्धा तास खाली थांबलेले असतात. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला अर्धा तास मिळणार नाही, कबूल. पण जुन्या ७८ आर.पी.एम.च्या तबकडीलाही साडेतीनच मिनिटं मिळायची. केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली ती हीच. तिच्यात घाई कुठेही नाही. तेव्हा वेळ कमी होता, ही सबब चालणार नाही.

बघा, भैरवीची तबकडी आणि सैराट एका वाक्यात आले. दोन्ही एकाच तोलाचे आहेत असं मी म्हणत नाही. पण दोघांनाही एक प्रश्न विचारता येतो, की हातातल्या वेळेचं तुम्ही काय केलंत? असे प्रश्न विचारता येणं, ही माझ्या मते रसिकतेची खूण. कोणत्या कप्प्यातलं संगीत ऐकता, यावरून ती ठरत नाही. शास्त्रीय संगीत झोप लागावी म्हणून लावणारा आणि वरातीत झिंगाट ऐकत नाचणारा, या दोघांपैकी संगीत कोण ऐकतोय? बहुधा दोघंही नाही. त्यात वाईट काही नाही, झोपही हवी आणि नाचही हवा. पण मग पहिल्यानं दुसऱ्याला नाक मुरडू नये.

जाता जाता एक काम देतो, घरी करायचं. तुम्हाला मनापासून आवडणारं एक गाणं घ्या, आणि मनापासून न आवडणारं एक. दोन्ही तीन-तीनदा ऐका, मधे फोन न उचलता. मग दोन्हींवर चार-चार वाक्यं लिहा. अट एकच. छान, अप्रतिम, गोड, भिकार, गोंगाट, हे पाच शब्द वापरायचे नाहीत. आवडत्या गाण्यावर लिहिताना जास्त अडायला होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो. लिहिलेलं पुढच्या वेळी घेऊन या. आणि मन्सूर-भीमसेन यांच्याबद्दल मी जे बोललो ते ज्यांना पटलेलं नाही, त्यांनी बाहेर चहापाशी थांबावं. मी थांबणार आहे.