‘अभेद्य’ की ‘गोळीरोधक’?

संरक्षक कवचांविषयीच्या मराठी लेखनात ‘अभेद्य’ हे विशेषण वारंवार भेटते. ते भारदस्त असले तरी वस्तुस्थितीशी विसंगत आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. प्रताप मिलमुळे ताण्याबाण्याशी परिचय असलेल्या अमळनेरकरांस तिची रचना समजणे अवघड नाही. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांना लागलेल्या शोधातून केवलार हा तंतू निर्माण झाला. अशा तंतूंचे अनेक थर एकावर एक रचले, वा राळेने सांधले, म्हणजे गोळीचा आघात एका बिंदूवर न राहता धाग्यांच्या लांबीवर पसरतो. धागे ताणतात, तुटतात, थर सुटतात; या मोडतोडीतच गोळीची ऊर्जा खर्ची पडते. राळ प्रमाणाबाहेर झाल्यास धागे जखडतात व त्यांची ताणण्याची शक्ती वाया जाते. सारांश, कवच स्वतः मोडूनच रक्षण करते.

त्याचे सामर्थ्यही सापेक्ष आहे. पिस्तुलाची गोळी थोपविणारे कापडी कवच रायफलीच्या पोलादी गाभ्याच्या गोळीपुढे टिकत नाही. तेथे सिरॅमिकची कठीण पाटी पुढे लावावी लागते. चाचणीत, ज्या वेगाने मारलेल्या निम्म्या गोळ्या आरपार जातात, तो वेगही मोजतात. गोळी अडली तरी अमेरिकन मानकानुसार मागील मातीत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खळगा ग्राह्य मानतात.

आता शब्दाकडे वळू. ‘अभेद्य’ हे रूप भेदाच्या शक्यतेचाच निषेध करते. ‘रोधक’ हे कर्तृवाचक रूप मात्र ‘कशाचा रोध?’ हा प्रश्न खुला ठेवते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १७०५१ : २०१८ या मानकाच्या इंग्रजी नावातही ‘प्रूफ’ नसून ‘रेझिस्टंट’ आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांना वीरमरण आले. हल्लेखोरांच्या हाती एके-४७ रायफली होत्या. त्यानंतर जाकिटांच्या गुणवत्तेविषयी झालेली विचारणा रास्तच होती. परंतु जाकीट कोणत्या गोळीसाठी, आणि शरीराचा कोणता भाग झाकणारे, हा प्रश्न ‘बुलेटप्रूफ’ या शब्दाच्या पोटात दडून राहतो. जवानाने त्या शब्दावर विसंबणे हे प्राणावर बेतू शकते.

आपल्या खानदेशातील वरणगावच्या आयुधनिर्माणीतून निघणारी गोळी ५.५६ मिलिमीटर अशा मापाने ओळखली जाते. कवचाचे नावही, ते ज्या गोळीस रोधते तिच्या उल्लेखावाचून पूर्ण मानू नये. परिभाषाकारांनी ‘अभेद्य’ हा शब्द काव्यासाठी राखून ठेवावा, हे इष्ट.