प्रवेशपरीक्षा आणि कान

मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा १८५९ साली सुरू झाली. पुढे परीक्षेची नावे बदलली. इंग्रजी पारखावयाचे ते मुख्यतः लेखी, ही रूढी मात्र टिकली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून होणाऱ्या सामायिक परीक्षेतही इंग्रजी ऐकून उत्तर द्यावयाचा प्रश्न नसतो. परदेशी शिकू जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेत, उलट, एकदाच ऐकविलेल्या ध्वनिमुद्रणावर ४० प्रश्न असतात. वालूरसारख्या गावचा विद्यार्थी कर्मणी प्रयोग अचूक साधूनही महाविद्यालयातील पहिल्याच व्याख्यानाला गोंधळला, तर नवल ते काय? तथापि नुसती श्रवणपरीक्षा जोडणे हाही न्याय नव्हे. जेथे वर्गात इंग्रजी कानीच पडत नाही, तेथे ती परीक्षा विद्यार्थ्याची न होता त्याच्या गावाची होईल. आधी ऐकवावे, मग पारखावे, हाच क्रम योग्य होय.