बुऱ्हाणपूरच्या ताटातली शिकरण

शिकरणीला पदार्थ म्हणायलाही काही जण तयार नसतात. दूध, केळं, साखर, वेलदोडा. विस्तव लागत नाही, तूप लागत नाही, मग त्यात करायचं काय, असं त्यांना वाटतं. ऐन वेळी पाहुणा आला किंवा घरात दुसरं गोड काही नसलं, की तिची आठवण होते. मला मात्र ती मराठी स्वयंपाकातली अतिशय नेमकी रचना वाटते. तिच्यात चार जिन्नस आहेत आणि चारही उघडे आहेत. पाकात, तुपात किंवा मसाल्यात चूक लपवायची सोय नाही. म्हणूनच ती बारकाईनं पाहावी, आणि पाहायची तर बुऱ्हाणपुरात पाहावी.

तापीकाठचं हे शहर मध्य प्रदेशात आहे, पण पुढचा तालुका जळगाव जिल्ह्यातला रावेर, आणि केळीचे मळे राज्याची हद्द पाळत नाहीत. २००३ साली खंडव्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळखच आता केळीवर उभी आहे. मृगबाग आणि कांदेबाग हे केळीच्या लागवडीच्या हंगामांचे शब्द इथे शेती न करणाऱ्याच्याही तोंडी असतात. केळीला पाणी भरपूर लागतं. सतराव्या शतकात खानखाना अब्दुल रहीमच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणत होता. आज मळ्यामळ्यांत ठिबकच्या नळ्या आहेत. पाणी जपून वापरायची या भागाची सवय जुनी आहे.

घड पाऊण भरला की हिरवाच कापतात आणि ट्रकमध्ये चढवतात. लांबच्या शहरातलं गिऱ्हाईक केळं पाहतं ते पिवळं झाल्यावर. मळ्याजवळच्या घरात फणी येते ती हिरवी. ती गोणपाटात गुंडाळून ठेवायची, रोज एकदा दाबून पाहायची, आणि कोणत्या दिवशी काढायची ते घरानं ठरवायचं. शिकरणीची निम्मी कला या ठरवण्यात आहे.

कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या २० ते २५ टक्के पिष्ट असतं. पिकताना त्याची जवळजवळ सगळी साखर होते आणि पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येतं. देठाशी हिरवट असलेलं केळं दुधात घातलं तर जिभेवर तुरट थर बसतो, आणि तो घालवायला माणूस साखर ओततो. सालीवर तपकिरी ठिपके उमटेपर्यंत थांबलं, तर चार माणसांच्या शिकरणीला दोन चमचे साखर पुरते, कधी तीही लागत नाही. गोडी विकत आणायची की वाट पाहून मिळवायची, हा निर्णय सालीवर वाचता येतो. ठिपके एकमेकांत मिसळून साल काळी पडली, की मात्र त्या केळ्याची शिकरणीची वेळ गेली. मग गर पाणी सोडतो आणि दुधाला उग्र वास येतो.

दुसरी गोष्ट चिरण्याची. इकडच्या लेवा समाजाच्या घरांत थोरल्या बायका नव्या सुनेला बजावतात, ‘केयं आधी नको चिरू, कायं पडीन.’ चिरलेल्या फोडीला हवा लागली की गरातली विकरं कामाला लागतात आणि फोड काळवंडते. म्हणून पानं वाढून झाल्यावर केळं सोलायचं. निम्म्या केळ्याच्या चकत्या करायच्या, निम्मं बोटांनी कुस्करायचं. कुस्करलेल्या गरानं दूध दाट होतं, आणि चकत्यांमुळे खाताना दाताला काम उरतं. मिक्सरमधून फिरवलं की हा फरक नाहीसा होतो. उरतं ते केळ्याचं दूध. ते पौष्टिक असेल, पण ती शिकरण नाही. कस्टर्डची पूड आणि फ्रूट सॅलडच्या वाटीतला आइस्क्रीमचा गोळा यांबद्दलही माझं हेच मत आहे. त्यांनी केळ्याची चव झाकली जाते.

दूध तापवून पूर्ण निवलेलं हवं. इथे केळ्याचा मोठा गुण कामी येतो: त्याच्यात आंबटपणा इतका कमी असतो की दूध नासत नाही. संत्रं, अननस किंवा द्राक्षं दुधात घालून पाहा, थोड्याच वेळात ते फाटायला लागतं. त्यांची जागा दह्यातल्या कोशिंबिरीत. सीताफळ आणि चिकू मात्र केळ्याच्याच पंगतीत बसतात. शेवटी वेलदोडा, तोही ताजा कुटलेला, आणि चिमटीच्याही निम्मं मीठ. मीठ कळता कामा नये. ते घातलेल्या वाटीत केळं अधिक केळ्यासारखं लागतं, एवढंच.

आयुर्वेदात दूध आणि केळं यांचा संयोग विरुद्ध मानला आहे. चरकसंहितेतल्या विरुद्ध आहाराच्या यादीत मोच, म्हणजे केळं, आहे. कफाचा त्रास असलेली माणसं शिकरण टाळतात आणि त्यांनी टाळावीच. मधुमेह असलेल्या आजोबांना पिकलेल्या केळ्याची वाटी परवडत नाही. त्यांना अर्धं केळं, तेही जरा कमी पिकलेलं, जेवणासोबत द्यावं, आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. घरचं गोड ‘आरोग्यदायी’ म्हणून सरसकट सगळ्यांच्या गळी उतरवणं मला पटत नाही.

शिकरण एकटी पाहून भागत नाही, कारण ती ताटात एकटी येत नाही. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचंही गाव आहे. घरातला एक जण पाळीवरून येतो, दुसरा जायला निघतो, पोरं शिकवणीहून परततात. अशा घरचं संध्याकाळचं जेवण पाहा: कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कच्चा कांदा, शिकरण. यातली वेळखाऊ मेहनत आधीच गिरणीत झालेली असते. साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि बेताचं मीठ एकत्र दळून आणलं, की पीठ डब्यात तयार. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना मोडत नाही, म्हणून भाकरीत हात न बसलेल्यालाही ती जमते. ज्वारीत जी प्रथिनघटकांची उणीव असते ती उडीद भरून काढतात, त्यामुळे वेगळी डाळ शिजवली नाही तरी जेवण अपुरं राहत नाही. भरताची हिरवी लांब वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात ती चव गॅसवर येत नाही, हे खरं. तरी कामाच्या दिवशी गॅसवरचं भरीतही चांगलं होतं. वांगी भाजत असताना भाकऱ्या होतात. भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात यांच्यासोबत वांगी ठेचली की चूल बंद.

शिकरणीचं खरं काम आता सुरू होतं. खानदेशी भरीत तिखट असतं आणि तिखट तसंच असावं. मिरचीचा दाह पाण्यानं शमत नाही. दुधातली प्रथिनं तो जिभेवरून उचलून नेतात. म्हणून लहान पोरासाठी भरीत फिकं करावं लागत नाही, शेजारी शिकरणीची वाटी असली की तेही दोन घास जास्त खातं. भरतात धुराचा खमंग वास आहे, शिकरण विस्तवावर चढतही नाही. भाकरी कोरडी, शिकरण ओली. गरम आणि निवलेलं एकाच ताटात इतकं समजून मांडणारं, अर्ध्या-पाऊण तासात होणारं दुसरं जेवण मला माहीत नाही.

या शहराची मावा जिलेबी नामांकित आहे, रव्या-तुपाचा दराबाही. दोन्ही मला प्रिय आहेत. पण ते हलवायाच्या कढईचं आणि सणावाराचं गोड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, त्या दिवशी घरातल्या बायकांचा सबंध दिवस चुलीपुढे जातो. मंगळवारी किंवा गुरुवारी, कामावरून आल्यावर, इतका वेळ कोणत्या बाईनं कुठून काढायचा? शिकरण घरातल्या कोणालाही करता येते. केळं सोलायला, कुस्करायला, वेलदोडा कुटायला नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा पुरतात, आणि तेवढा वेळ भाकऱ्या करणारीला स्वतःच्या पानावर बसायला मिळतो. ज्या घरी शिकरण पुरुष करतात ती घरं मला फार आवडतात.

फणीतली दोन-तीन केळी नेहमीच पुढे जातात, काळी पडतात. ती टाकू नयेत. गुळासोबत कुस्करून त्यात मावेल तेवढी कणीक भिजवायची, पाण्याचा थेंब न घालता, चमचाभर तूप आणि किंचित मीठ लावून. त्या पिठाच्या जाडसर दशम्या मंद आचेवर भाजल्या, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यातही मऊ राहतात आणि सोबत लिंबाचं लोणचं असलं तर भाजी लागत नाही.