टीकेइंटरमधील नियंत्रण चल : एक चिकित्सक आकलन

टीकेइंटर ही पायथॉन भाषेसोबत मिळणारी ग्राफिकल इंटरफेसची प्रमाण लायब्ररी होय. तीमधील स्ट्रिंगव्हार, इंटव्हार, डबलव्हार व बुलियनव्हार या नियंत्रण चलांची ओळख ‘विजेटमधील मूल्य साठविण्याचे साधन’ एवढ्यावरच भागविली जाते. ही व्याख्या अपुरी तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारीही आहे.

या चलांचे मूळ पायथॉनमध्ये नाही. जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टीसीएल ही भाषा निर्माण केली व पुढे तिच्यासाठी टीके हा विजेटसंच तयार केला. टीसीएलमध्ये साध्या चलावरही पाळत ठेवता येते. चल बदलला की विजेट बदलते आणि विजेटमध्ये टंकले की चल बदलतो. पायथॉनमधील नाव मात्र वस्तूला लावलेली केवळ चिठ्ठी असते. ती दुसऱ्या वस्तूला लावल्याची वार्ता विजेटपर्यंत पोहोचत नाही. म्हणून टीकेइंटरला स्वतंत्र क्लास योजावे लागले. स्ट्रिंगव्हारची वस्तू स्वतः मूल्य बाळगत नाही. ती टीसीएलमधील एका चलाचे नाव तेवढे बाळगते. सेट व गेट यांचे प्रयोजन हेच होय.

हे दुभाषी नाते न उमगल्यास पुढील दोष गूढ वाटतात. फंक्शनच्या आत इंटव्हार तयार करून, त्यास १ हे मूल्य देऊन चेकबटणास जोडले, तरी फंक्शन संपल्यावर खिडकीत बरोबरची खूण दिसत नाही. चेकबटणाजवळ वस्तू नसते, केवळ नाव असते; फंक्शन संपताच वस्तू नष्ट होते आणि जाताना टीसीएलमधील चलही पुसून टाकते. विद्यार्थी मात्र चूक चेकबटणात शोधत बसतो! वस्तू क्लासचा गुणधर्म म्हणून जपून ठेवली की प्रश्न मिटतो.

इंटव्हार हे नावही फसवेच. एंट्रीस जोडलेला इंटव्हार अक्षरे टंकण्यास अटकाव करीत नाही. कसोटी लागते ती गेट करताना. चौकट रिकामी असल्यास टीसीएल-एरर उद्भवतो, हे एक वेळ बरे. १२.७ टंकल्यास मात्र आजच्या आवृत्त्यांत निमूटपणे १२ हाती येतात. गुण वा रक्कम नोंदविणाऱ्या प्रोग्राममध्ये ही शांतता अधिक घातक ठरते.

नियंत्रण चलाचे खरे सामर्थ्य रेडिओबटणांत दिसते. अनेक बटणे एकाच चलास जोडली की त्यांपैकी एकच निवडलेले राहते. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. याउलट एंट्रीस स्वतःची गेट पद्धत आहे, तर टेक्स्ट विजेट असा चल स्वीकारतच नाही. तरीही अध्यापनाचा आरंभ सर्रास एंट्रीपासून होतो. तो रेडिओबटणापासून होणे अधिक सयुक्तिक आहे.