नाट्यमन्वंतर व ‘आंधळ्यांची शाळा’

‘नाट्यमन्वंतर’ ही मंडळी अल्पायुषी ठरली. तथापि १९३३ सालीं तिनें रंगभूमीवर आणलेलें श्री. वि. वर्तककृत ‘आंधळ्यांची शाळा’ केवळ रूपांतर म्हणून निकालांत काढणें अन्यायाचें होय. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचें, १८८३ चें. वधूकडून जें शील अपेक्षितात तेंच वरानेंही पाळलेलें असावें, ही त्यांतील नायिकेची मागणी. पुरुषनटाच्या मुखीं ती पढविलेली वाटली असती. बिंबेच्या भूमिकेंत ज्योत्स्ना भोळे बोलूं लागल्या आणि तिला अधिकार आला, असें आमचें मत आहे. छापील प्रतींत हा फरक उमटत नाहीं. तो शोधावयाचा तर तालमीच्या वह्या व हस्तपत्रकें हवींत. बखरींच्याच आस्थेनें संग्राहकांनीं तीं मिळवावीं.