पंधरा रुपयांची तारामती

मी समीक्षक नाही. पण मी पेठ वडगावचा आहे, आणि दोन्हींत फारसा फरक नाही. आमच्या गावात जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारात बैल विकत घ्यायचा नसला, खिशात चहापुरते पैसे नसले, तरी माणूस बैलाचे दात बघतो, वशिंडावर थाप मारतो, शेपूट पिरगळतो, धन्याला चार पावलं चालवून दाखवायला लावतो, आणि शेवटी ‘मागल्या पायात दम न्हाई’ असा शेरा मारून पुढच्या बैलाकडे वळतो. पुढे मी मराठीतली समीक्षा वाचू लागलो तेव्हा ती मला अजिबात परकी वाटली नाही.

तर आज मला दोन बैलांचे दात बघायचे आहेत. एक विलायती, एक देशी. दोघेही सोंगाच्या औताला जुंपलेले.

विलायती बैलाची गाठ माझ्या नातीमुळे पडली. मुलगा इंग्लंडात नोकरीला, त्यामुळे आमची नात तिथेच वाढते आहे. सध्या मुक्काम तिच्याकडेच असल्याने रोज संध्याकाळी तिच्या मांडीला मांडी लावून कार्टून बघणं हा माझा मुख्य व्यवसाय आहे. त्यात भेटले मिस्टर बेन. डेव्हिड मॅकी नावाच्या चित्रकाराची ही निर्मिती. बीबीसीने १९७१ साली दाखवायला सुरुवात केली आणि त्या वेळी तेरा भाग निघाले. मिस्टर बेन हा फेस्टिव्ह रोडवरच्या ५२ नंबरच्या घरात राहणारा, काळा सूट आणि काळी वाटोळी टोपी घालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा गृहस्थ. हा सोंगाचे कपडे मिळणाऱ्या एका दुकानात जातो. तिथे दुकानदार जादूने उगवावा तसा उगवतो. बेनसाहेब एक पोशाख निवडतात, आरशासमोर उभे राहतात आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतात ते थेट त्या पोशाखाच्या दुनियेत! चिलखत घातलं की सरदार, अंतराळवीराचा पोशाख घातला की अंतराळात. एकदा तर आचारी होतात. साहस संपत आलं की दुकानदार पुन्हा उगवतो, यांना परत आणतो, आणि साहेब खिशात एखादी आठवणीची वस्तू घेऊन घरी जातात.

दात उत्तम. चालही सुरेख. नात तर खूश होतीच, मीही होतो. पण चार-पाच भाग बघितल्यावर माझ्यातला वडगावकर शेपूट पिरगळू लागला. या माणसाची दुनिया कशी? तो घरी परतल्यावर ‘इतका वेळ कुठं उलथला होतात?’ असं विचारणारं कुणी मला दिसलं नाही. चिलखतात बघून ‘अगं बाई, बेनभावजींना काय झालं!’ म्हणणारी शेजारीण नाही. पगार कापणारा मालक नाही. सोंग हे भरल्या गावात घ्यायचं असतं. आपल्याला ओळखणाऱ्या माणसांसमोर घ्यायचं असतं. अनोळखी मुलखात सरदार होण्यात कसली आली आहे मर्दुमकी? मागल्या पायात दम नाही!

आता देशी बैल. त्याचं नाव अण्णा साळुंके.

१९१२ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या उद्योगाला लागले तेव्हा त्यांना हरिश्चंद्र मिळाला (दत्तात्रेय दाबके), रोहिदास तर घरातच होता (चिरंजीव भालचंद्र), पण तारामती मिळेना. भल्या घरच्या बाईचा प्रश्नच नव्हता. कोठीवरच्या बायकांनीसुद्धा सिनेमात काम करणं म्हणजे अब्रूला कमीपणा म्हणून नकार दिला. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांना एक सडपातळ, नाजूक हातांचा आचारी दिसला. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि भारताची पहिली चित्रपटतारका चुलीपुढून उठून आली. बेनसाहेब आचाऱ्याचं सोंग घेतात. आमच्या आचाऱ्याने राणीचं घेतलं. कोणाची उडी लांब ते वाचकांनीच ठरवावं.

यात एक अडचण आली म्हणतात, ती मिशांची. बायकांची कामं करणारी मंडळी मिशा उतरवायला तयार होईनात. कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावरच. जिवंत बापाच्या नावाने मिशी उतरवायची म्हणजे पंधरा रुपयांत जरा जास्तच! फाळक्यांनी कशीबशी समजूत घातली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. जाहिरात दोन मैल लांबीच्या चित्राची होती, तीही तीन आण्यांत. फिल्मची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. म्हणजे हिशेब केला तर पाऊण मैलही भरत नाही. पण बाजारात एवढं माप मारतातच. वडगावचा माणूस त्याबद्दल फाळक्यांना दोष देणार नाही.

या चित्रपटाचे काही तुकडे आज शिल्लक आहेत. ते मी नातीच्या शेजारी बसूनच पाहिले. त्यात एक प्रसंग आहे: तारामती सख्यांसह हौदात जलविहार करते आहे आणि राजा तिथे येतो. सगळ्या सख्या पुरुष. ओली लुगडी अंगाला चिकटलेली, दंड तालमीत घुमवलेले. पाणी उडवताना त्या असं उडवतात की रंकाळ्यावर म्हशी धुताहेत की काय असं वाटावं. नात खदखदून हसली. मीही हसलो. पण त्या धबडग्यात साळुंक्यांकडे नीट पाहा. बाकीचे पुरुष बाई होण्याची धडपड करताहेत. हा माणूस फक्त राणी होऊन बसला आहे. पदर ओढून घेतो तो लाजेने नाही, अधिकाराने. आपण राजाची बायको आहोत याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. म्हणून आपल्याही मनात राहत नाही.

फाळक्यांनी लगेच त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या बायकांना पडद्यावर आणलं; आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनीही १९२० च्या ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. पण साळुंके त्याने मागे पडले नाहीत. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी कहर केला: राम तेच आणि सीताही तेच! आपल्याच बायकोचं सोंग आपणच घ्यायचं, तिला हरवायचं, आणि मग वनात ‘सीते, सीते’ करत स्वतःलाच शोधत हिंडायचं. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून हात जोडत असं सांगतात. मद्रासेत गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असंही सांगतात. खाणावळीत ज्याला लोक ‘ए, आमटी वाढ’ म्हणत असतील, त्याच्यापुढे वहाणा काढून उभे! ही जादू कपड्याच्या दुकानात मिळत नाही. ती समोर बसलेल्यांनी द्यावी लागते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी ते वडगावात, माझ्या घरात पाहिलं आहे, आणि ते मोडणाराही मीच.

आमचे आबा एका अडत दुकानात दिवाणजी होते. मिरची, शेंगा, असा माल. मालक गादीवर, आबा उभे. मालकाच्या तोंडी ‘अरे दिवाणजी’. आबांनी मालकाच्या डोळ्याला डोळा दिलेला मी कधी पाहिला नव्हता. पण गणपतीत आमच्या आळीचं नाटक असे आणि त्यात मुख्य बाई आबा. १९६१ चा गणपती. त्याच जुलैत पुण्याला पानशेत फुटलं होतं. नाटक हरिश्चंद्राचं. आबा तारामती. नेसायला जरीचं लुगडं मालकिणीकडून मागून आणलेलं.

काशीच्या बाजारात तारामतीचा लिलाव होतो, तो प्रवेश आला. दवंडीवाल्याचं काम जनावरांच्या बाजारातल्या एका खऱ्या दलालाला दिलं होतं. तो सवयीने हरिश्चंद्राच्या हातावर उपरणं टाकून खालून बोटं दाबू लागला. प्रेक्षक ओरडले, ‘दर म्होट्यानं सांग की रं!’ मग त्यानं सौदा उघडा केला. ब्राह्मणाने नाटकात लिहिल्याप्रमाणे पन्नास मोहरा म्हटल्या. मागून कुणीतरी पेटलेला आवाज आला, ‘पंचावन्न!’ साठ झाले, सत्तर झाले. ब्राह्मण घामाघूम. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मालकीणबाई कळवळून ओरडल्या, ‘आवं, बसलायसा काय! माझं लुगडं इकाय लागल्यात!’

मालक ताडकन उभे राहिले आणि गरजले, ‘एकशे एक!’

मांडव हसून लोटपोट. नाटक गेलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आणि तेव्हा आबा दोन पावलं पुढे आले. त्यांनी पदर सावरला, सरळ मालकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘शेटजी, आपण घरचे. आपल्याकडून मोल घेतलं तर काशी हसेल. बसा.’

आणि मालक बसले.

नुसते बसले नाहीत. बसताना त्यांनी हात जोडले. मांडव चिडीचूप झाला. एकशे एक मोहरांना गेलेली ती तारामती महिना साठ रुपयांवर कामाला होती हे त्या क्षणी वडगावात कुणालाच आठवत नव्हतं, मालकालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आबा दुकानात. रंग उतरला होता, पण डोळ्यांतलं काजळ पुरतं निघालं नव्हतं. मालक म्हणाले, ‘अहो दिवाणजी, कालची रोजकीर्द काढा.’ अहो! संध्याकाळपर्यंत काजळ गेलं आणि ‘अरे’ परत आलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

पण एक दिवसाचं का होईना, आबांनी त्या दुनियेतून ‘अहो’ आणलं होतं. बेनसाहेबांच्या खिशातल्या वस्तूंपेक्षा मला तरी ते मोठं वाटतं. आज वाटतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि त्याच दिवशी शाळेच्या मैदानात पोरांनी माझा लिलाव मांडला होता. ‘तारामतीचं प्वार, बोला!’ मी दोन गोट्यांना गेलो. घरी येऊन मी आबांना सांगितलं, ‘पुढच्या वर्षी तुम्ही लुगडं नेसलात तर मी शाळेत जाणार नाही.’ आबा पानाला चुना लावत होते. म्हणाले, ‘बरं.’

एवढंच. पुढच्या वर्षीपासून आबांनी पडद्याची दोरी धरली. काम कधी केलं नाही. विंगेत उभे राहून दुसऱ्या तारामतीचे शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत. पडदा मात्र नेमका वेळेवर पाडत. मला मालकाचा कधी राग आला नाही. त्यांना बस म्हटलं, ते बसले होते. मीच उभा राहिलो.

अण्णा साळुंक्यांची ओली तारामती बघताना मला म्हणून हसू अर्ध्यावरच थांबवावं लागलं. समीक्षा विचाराल तर शेरा साधा आहे: दात वाकडेतिकडे असतील, चाल अडखळती असेल, पण मागल्या पायात दम आहे. ओळखीच्या लोकांसमोर, मिशी उतरवून, पंधरा रुपयांत उभं राहण्याचा दम.

आता इथल्या मराठी मंडळींचा गणपती तोंडावर आला आहे. हरिश्चंद्राचा प्रवेश बसवायचं ठरलं आहे. नात रोहिदास. पण शंभर वर्षांनंतरही तारामती मिळत नाही. आता अब्रूची अडचण नाही, सगळ्या बायकांना ऑफिस आहे. काल रात्री नातीने माझ्याकडे बघितलं, मग मुलाने बघितलं. सून काही न बोलता आत गेली आणि कपाटातून एक जरीचं लुगडं घेऊन आली. ‘सांभाळून हं, बाबा. माझ्या आजीचं आहे.’

मी मिशीवरून हात फिरवला. आबांना जाऊन तीस वर्षं झाली. तीही अडचण उरलेली नाही.