आनंदीबाईंचा एसओपी

गेल्या महिन्यात मावसबहिणीने मला एक वर्ड फाइल पाठवली. नीटमध्ये सरकारी कॉलेजला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत, म्हणून ती युरोपातल्या एका युनिव्हर्सिटीत मेडिकलला अर्ज करतेय. त्यासाठी ‘मला डॉक्टर का व्हायचंय’ यावर एक पान हवं होतं. पान तिने लिहिलं होतं, साधं आणि बरं. पण ज्या कन्सल्टंटकडे पैसे भरलेत, त्याने कडेला शेरा मारला होता: ‘इमोशनल कनेक्ट नाही. घरात कुणी गेलंय का? ते घाला.’

घरात गेलंय. आमची आजी, 2021च्या मे महिन्यात, बेड शोधता शोधता. “दादा, आजीला नाही ना आणायचं यात?” तिने विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. एमएससाठी मी लिहिलेल्या एसओपीत लहानपणी उघडून बसलेला एक रेडिओ होता. आमच्या घरी रेडिओ कधीच नव्हता.

त्याच आठवड्यात मी समीर विद्वांसचा ‘आनंदी गोपाळ’ (2019) पुन्हा बघितला. थिएटरात पहिल्यांदा बघताना रडलो होतो, यावेळीही घशाशी आलंच. ललित प्रभाकरचा गोपाळराव विक्षिप्त आहे, हट्टी आहे आणि तरी आवडतो. भाग्यश्री मिलिंदची आनंदी डोळ्यांनी बोलते. पण यावेळी एक गोष्ट खटकली. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत जातं आणि ‘डॉक्टर का?’ या प्रश्नाचं सगळं ओझं सिनेमा त्या एका मृत्यूवर टाकून मोकळा होतो. म्हणजे कन्सल्टंटचाच शेरा: घरात कुणी गेलंय का, ते घाला.

आता खुद्द आनंदीबाई काय म्हणतात ते बघू. 24 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांनी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर इथे इंग्रजीत भाषण केलं. अजून अठरा पूर्ण नव्हती. भाषणाची रचना माझ्यासारख्याला लगेच ओळखीची वाटते, कारण तो चक्क एफएक्यू आहे. लोक जे सहा प्रश्न विचारून भंडावत होते, तेच घेऊन त्या एकेकाला उत्तर देतात. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? उत्तरं थंड डोक्याने दिलेली आहेत. देशात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज वाढतेय आणि मी ते काम अंगावर घेते. मद्रासला कॉलेज आहे, इतरत्र सुईणपणाचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या विचारांचे. रस्त्याने चालताना लोक कशी टर उडवतात, हेही त्या स्पष्ट सांगतात. दोघांनी जायला पैसे नाहीत, नवऱ्यावर घरची जबाबदारी आहे, म्हणून एकटी. जाईन हिंदू म्हणून, परतही हिंदू म्हणूनच येईन.

बाळ कुठेही नाही.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या अर्जाच्या पत्रातही नाही. हा खराखुरा एसओपी. शाळेचं रीतसर शिक्षण नाही, हे कबूल करून त्या मुद्द्यावर येतात: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. बाळंतपणात मूल गमावलेल्या मुलीने हे लिहिलंय, हे आपल्याला माहीत असतं म्हणून ते वाक्य आपल्याला जास्त लागतं. कॉलेजने मात्र ते माहीत नसताना प्रवेश दिला. त्यांना दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. मूल गेल्यावर आईला काय होतं आणि बापाला काय, यातल्या फरकाबद्दल त्या इतरत्र बोलल्या आहेत. पण ते अर्जात वापरलं नाही.

अर्थात हा एसओपीही सगळं सांगत नाही. गोपाळरावांचं वेड त्यात नाही, त्यांचा मारही नाही. त्या माराची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पत्र लिहून नवऱ्याला करून दिली. सिनेमा इथे फारच सांभाळून घेतो. श्री. ज. जोशींच्या 1968च्या कादंबरीपासून आपण ही गोष्ट जोडप्याची म्हणूनच वाचत आलोय. शीर्षकातच दोघं आहेत. मग तिच्या इच्छेला एकतर नवऱ्याचा हट्ट कारण ठरतो, नाहीतर बाळाचा मृत्यू. आजूबाजूला बघून, हिशेब मांडून एखादी मुलगी ‘हे काम मी करते’ म्हणाली, एवढं आपल्याला पुरत नाही.

कोल्हापूरकर म्हणून मला या गोष्टीचा आणखी एक धागा टोचतो. पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनरी वाइल्डर यांना गोपाळरावांनी पत्र लिहिलं, ते इथूनच, पोस्टात नोकरीला असताना. ते अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. पुढे 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, आणि नेमणूक आली तीही कोल्हापूरचीच: अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, स्त्रियांच्या वॉर्डची प्रमुख. म्हणजे आपलं सीपीआर. त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. वॉर्डात रुजू झाल्याच नाहीत.

सीपीआरसमोरून मी आठवड्यातून चारदा तरी जातो. समोरच्या टाउन हॉलचे फोटो सगळेच काढतात.

बहिणीला मी भाषण आणि पत्र दोन्ही वाचायला दिलं. दोन दिवसांनी तिची नवी फाइल आली. त्यात तिच्या गावची पीएचसी होती, तिथे बाई डॉक्टर नाही म्हणून अंगावर दुखणं काढणाऱ्या बायका होत्या, गडहिंग्लजला जायला लागणारा वेळ होता. आजी नव्हती. मी फक्त स्पेलिंग सुधारली. कन्सल्टंटने लिहिलं, ‘थोडं ड्राय वाटतंय.’ तिने ते वाचलं आणि फाइल तशीच सबमिट केली.